ओल्या कचऱ्याचं वजन

सीमाताईंनी बादली काट्यावर ठेवली, वाकून आत पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. कांद्याची सालं, पिळलेली लिंबं, चहाचा चोथा. भाताचं शीत नाही, पोळीचा तुकडा नाही. कॉलनीच्या कचरामुक्त घर स्पर्धेतलं हे शेवटचं वजन होतं, आणि किसनरावांची बादली सगळ्यांत हलकी भरली होती.

अकोल्याचा मे महिना. अंगणात किसनराव घामानं निथळत होते, पण चेहरा खुलला होता. ते सीमाताईंना घरातली शिस्त समजावून सांगत होते. कूलर फक्त पाहुणे आले तर. खोलीतून निघाले की पंखा बंद. फ्रिजसुद्धा ते रोज झोपताना बंद करायचे आणि पहाटे उठून चालू करायचे. रात्री त्याचं दार कोणी उघडत नाही, मग तो उगाच कशाला चालवायचा, असा त्यांचा सवाल होता.

दारात आलेली त्यांची मुलगी खुशी हे ऐकून जागीच थबकली.

खुशी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. परवाच तिनं आईला दवाखान्यातून आणलं होतं. उलट्या-जुलाबानं रुख्मिणीबाईंना उभंही राहवत नव्हतं. सलाईन लावावं लागलं. अन्नातून विषबाधा, डॉक्टर म्हणाले. काय खाल्लं होतं, असं विचारल्यावर रुख्मिणीबाईंनी सांगितलं, घरात सगळ्यांनी खाल्लं तेच.

तेव्हापासून खुशी एकाच प्रश्नापाशी अडली होती. अन्न तेच, पाणी तेच, मग आजारी आई एकटीच कशी? तिनं माठ घासून काढला. टाकी उपसली. बाजारातलं पनीर बंद केलं. किसनराव तिची थट्टा करायचे. तुझ्या मायचं पोटच नाजूक आहे, तू त्याच्यावर कायले संशोधन करून राहिली?

सीमाताईंना मात्र बादलीचं कोडं सुटत नव्हतं.

"काकाजी, मी कितीही मापात रांधलं तरी वाटीभर उरतेच. तुमच्या घरी उरतच नाई का?"

"उरते ना. पण आमच्या घरी अन्न फेकत नाई," किसनराव म्हणाले. "रुख्मिणी पाहते ते."

खुशीनं वळून आत फ्रिजकडे पाहिलं. रात्रीच्या उकाड्यात, बंद फ्रिजच्या कोंदट पेटीत पडून राहिलेला भात. त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. त्यावर तिला पूर्ण गुण मिळाले होते.

"बाबा, तो उरलेला भात तुमच्या ताटात कधी आला का?" तिनं विचारलं.

"मले शिळं चालत नाई, तुले मालूम आहे," किसनराव म्हणाले. रक्तगट सांगावा तितक्या सहज.

सीमाताईंनी मान खाली घातली. खुशी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला आत फ्रिज उघडल्याचा आवाज आला.

रुख्मिणीबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. सलाईनची पट्टी अजून हातावर होती. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. झाकण काढताच आंबूस वास अंगणभर पसरला. त्यांनी डबा काट्यावरच्या बादलीत उपडा केला. वरणात कालवलेला भात चिकटून बसला होता, तो बोटांनी खरवडून काढला.

"अवं, काय करून राहिली तू? नंबर जाईन आपला," किसनराव म्हणाले.

रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आता करा वजन, ताई," त्या म्हणाल्या. "हे माह्यं आजचं जेवण होतं."