मोठा बाप

जमादार रघुनाथराव ज्याच्या दुखवट्याला आले होते, तो माणूस अंगणात बाजेवर बसून तंबाखू चोळत होता.

"गुणवंताचं घर हेच ना?" सायकल भिंतीला टेकवत त्यांनी विचारलं. "मी बोरगावच्या गिरणीतला जमादार. पोराचे वडील गेले म्हणून समजलं. मोहगावात आलोच होतो, म्हटलं भेटून जावं."

भिवाजीचा अंगठा तळहातावर तसाच थांबला. दारात उभ्या असलेल्या गुणवंताच्या पायाखालची जमीन सरकली. गेली नोकरी. आणि जिवंत बापाला मारलं म्हणून गावात तोंड दाखवायची सोयही गेली.

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतंच हो. सोळाव्या वर्षापासून तो तमाशासारख्या खडी गंमतीत लुगडं नेसून नाचत होता. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत गुणवंता नाच्या येणार म्हटलं की बाया चुलीवरचं उतरवून पाहायला यायच्या. पण दोन वर्षं झाली, जत्रेत व्हिडिओ लागायला लागले. या हंगामात तर तीन गावांनी सुपारी फिरवली. त्याची तिशी आली होती, कंबर पहिल्यासारखी वळत नव्हती. अशात गिरणीत भरती निघाली. गंमतवाल्यांना तिथं कोणी उभं करत नव्हतं. रात्री नाचतील आणि दिवसा मशीनवर झोपतील म्हणे. म्हणून शेवटची गंमत झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुणवंता सौंसरच्या न्हाव्याकडे बसला आणि खांद्यापर्यंतचे केस पार मशीन मारून उतरवले, गड्यासारखं दिसावं म्हणून. मिशी मात्र काही एका दिवसात उगवत नाही.

भादरलेलं डोकं आणि गुळगुळीत ओठ. रघुनाथरावांनी त्याला गिरणीच्या फाटकात पाहिलं आणि हळहळून विचारलं, बाप गेला का रे? गुणवंताने नुसती मान हलवली. एवढंच त्याचं पाप. रघुनाथरावांचे स्वतःचे वडील मागच्याच साली गेले होते. त्यांनी लगेच नाव लिहून घेतलं आणि तेरवी आटपून कामावर ये म्हणाले.

आणि इकडे भिवाजीचं नि मिशीचं वेगळंच रामायण. त्याची स्वतःची मिशी पांढरीशुभ्र, गालापर्यंत वळलेली. बाप जिता असताना पोराने मिशी उतरवली म्हणजे मला जितेपणीच जाळलं, असं म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्याने लेकाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. काही सांगायचं झालं तर बायकोला, केसरबाईला, मध्ये घालायचा: त्याले म्हणा, जेवून घे. लेकाची एक गंमत त्याने पाहिली नव्हती. सोंग करणारा आणि खोटं बोलणारा त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी. म्हणून तर या चार दिवसांत ओठावर खुंट आले तेव्हा गुणवंता हरखून गेला होता. सकाळी केसरबाई मुद्दाम मोठ्याने म्हणालीही, पोराले मिशी फुटून राहिली. बुढ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता बुढा लेकाच्या डोक्याकडे पाहत होता. मग ओठाकडे. गुणवंताचा हात आपसूक तोंडावर गेला, फडावर पदर धरायचा तसा.

भिवाजीने बाजेवर सरकून जागा केली.

"या, बसा. मी पोराचा मोठा बाप. भिवाजी माह्या पाठचा भाऊ."

केसरबाई पाण्याचा गडवा घेऊन नेमकी तेव्हाच बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रघुनाथरावांची नजर तिच्याकडे जाते न जाते तोच भिवाजीने सांगून टाकलं, ही पोराची मोठी माय. पोराची माय आत पडून आहे, तिले काही सुधरून नाही राहिलं. केसरबाईचा नवरा डोळ्यांसमोर बसलेला, आणि त्याच्याच तोंडून तो मेल्याचं ऐकायचं. तिने गडवा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि ती खरंच रडायला लागली.

स्वभावाने कसे होते, असं रघुनाथरावांनी हळूच विचारलं. भिवाजीने तळहातावरच्या तंबाखूकडे पाहिलं.

"हेकट होता," तो म्हणाला. "चौदा वर्षं पोराशी बोलला नाही. आन् जीव सारा पोरातच."

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांना धार लागली, मिशी भिजली. गुणवंता भिंतीला टेकून पाहतच राहिला. चौदा वर्षं त्याने फडावर काढली होती, रडायची शंभर सोंगं केली होती. पण या रडण्यात सोंग किती आणि बाप किती, हे काही त्याला कळेना.

रघुनाथरावांनी भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. तेरवी रविवारीच आहे ना, हे विचारून घेतलं, सोमवारी सकाळच्या पाळीला ये म्हणून गुणवंताला बजावलं आणि सायकलवर टांग टाकून ते निघून गेले.

आता बुढा शिव्या घालेल, कपड्यांसकट घराबाहेर काढेल, म्हणून गुणवंता मान खाली घालून उभा होता. भिवाजीने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, मिशी पुसली, हातातली तंबाखू ओठात दाबली. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा तो लेकाशी सरळ बोलला.

"जाय, न्हाव्याकडून तोंड घोटून ये. रविवारपर्यंत मिशी दिसली नाही पायजे. बाप मेला तुहा."