शेजारची सीट

“त्या नदीचंच पाणी आपल्या घरी नळाला येतं,” डेस म्हणाला. “तोटी सोड आणि बघत बस. त्यासाठी चार रात्री बोटीवर कशाला काढायच्या?”

सांगत होता बायकोला, ग्लेनिसला, पण ऐकू गेलं अख्ख्या बसला. सकाळी ॲडलेडहून निघाल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. डोंगरावरच्या थांब्यावर धुकं होतं, तर तो दोष ग्लेनिसचा. चहाबरोबरची बिस्किटं मऊ पडली होती, तर तोही तिचाच. खिडकी त्याने स्वतः बळकावली आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मागच्या सीटवरची लोर्ना म्हणाली, “अहो, बाहेर बघायचं नसेल तर तिला तरी बसू द्या की तिथे.” डेसने टोपी वर केली. “तुम्ही तिकीट मागच्या सीटचं काढलंय की माझ्या डोक्यावरचं?”

कसंही करून संध्याकाळपर्यंत पोचायचं, एवढंच ग्लेनिसच्या मनात होतं. मॅनमच्या धक्क्यावरून बोट सुटणार होती आणि उद्या स्वान रीचच्या पिवळ्या कड्याखालून जाणार होती. तिथे तिचे वडील गाड्या पलीकडे नेणारा तराफा चालवायचे. लहानपणी ती काठावरून बोटींना हात करायची आणि बोटीवरची माणसं तिला हात करायची. एकदा आपण बोटीवर उभं राहून काठाला हात करायचा, ही तिची हौस. सत्तरीतल्या बाईची हौस म्हणून कोणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

जेवायला बस हानडॉर्फला थांबली. डेसने सॉसेजचा तुकडा काट्याला टोचून तिच्यापुढे नाचवला.

“ऐक. धक्क्यावर आपण उतरायचं नाही. याच बसने घरी परत. ड्रायव्हरला मी सांगतो.”

“डेस, तुला नसेल यायचं तर तू जा. मी एकटी...”

“एकटी? घरातला टीव्ही तरी लावता येतो का तुला एकटीला?” शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली. त्यांच्याकडे बघून तो हसला. “मी जाईन तिथे तू यायचं. विषय संपला.”

आणि तो उठून समोरच्या बेकरीत गेला.

ग्लेनिस बसमध्ये येऊन बसली. खिडकीच्या सीटवर त्याची टोपी होती. फोन, चष्मा, स्वेटर, सगळं तिच्या पिशवीत. पाकीट आणि घराची किल्ली तेवढी तो स्वतःच्या खिशात ठेवायचा.

वेन नावाचा ड्रायव्हर माणसं मोजायच्या भानगडीत पडत नसे. “मंडळी,” तो सकाळसारखंच माइकवर म्हणाला, “शेजारी बघा. शेजारचा माणूस नसेल तर ओरडा. कोणी ओरडलं नाही, की मी निघालो.” सकाळी डोंगरावर डेस असाच मागे राहिला होता, तेव्हा ग्लेनिस जिवाच्या आकांताने ओरडली होती, “थांबा, माझा नवरा यायचाय!” वर आल्यावर डेस म्हणाला होता, “केवढ्यांदा बोंबलतेस!”

तिने शेजारी पाहिलं. टोपी होती. काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, बसकडे पाठ करून, डेस काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालत होता. तिने ओरडायला तोंड उघडलं.

पुन्हा मिटलं.

मागून लोर्ना पुढे वाकली. तिने टोपी पाहिली, बेकरी पाहिली, मग ग्लेनिसचं तोंड पाहिलं. दोन सीटांच्या फटीतून तिने एक पेपरमिंट पुढे केली.

“आले ना सगळे?” वेनने विचारलं.

दिवसभर डेसला ऐकत आलेली बस चिडीचूप होती.

“आले, आले,” लोर्ना म्हणाली. “चला आता, उशीर होतोय.”

बस निघाली. गाव मागे पडल्यावर ग्लेनिस खिडकीशी सरकली आणि टोपी आपल्या जागेवर ठेवून दिली.

मॅनमच्या धक्क्यावर ती बॅग घेऊन उतरत होती, तेवढ्यात वेनने गाडी चालवताना बंद ठेवलेला फोन सुरू केला आणि तो लगेच वाजला. सगळ्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याचा नंबर होताच. फोन कानाला लावून तो मटकन पायरीवर बसला.

“बाई, तुमचा नवरा हानडॉर्फला राहिलाय! तुम्ही ओरडला का नाहीत?”

“नाही ओरडले,” ग्लेनिस म्हणाली.

त्याने फोन तिच्या हातात कोंबला. आतून, बेकरीच्या फोनवरून, डेस कडाडत होता. “बोट थांबवायला सांग! मी टॅक्सी करून येतोय! ऐकतेस ना? मी आल्याशिवाय ती बोट हलता कामा नये!”

बोटीचा भोंगा वाजला.

“तुला यायचं नव्हतं ना, डेस?” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. “घरी जा. किल्ली तुझ्याकडेच आहे. आणि नदी बघावीशी वाटली, तर तोटी सोड आणि बघत बस.”

तिने फोन वेनला परत दिला आणि फळीवरून चालत बोटीत गेली. बोट काठापासून सुटली तेव्हा ती वरच्या डेकवर कठड्याशी उभी होती. धक्क्यावर वेन हात लांब करून, कानापासून दूर, तो फोन धरून उभा होता. फोन अजून ओरडतच असावा.

ग्लेनिसने फोनला हात केला.