भिंतीकडे तोंड

"हात खाली," देवसहायम सर म्हणाले. सकाळपासून हे विसाव्यांदा.

वडिवूने तोंडावरचा तळवा काढला. ओठ लगेच मागे ओढले गेले आणि फ्रेंचमधल्या त्या अवघड स्वराच्या जागी पुन्हा साधा 'ई' बाहेर पडला.

सर खुर्चीत बसले. पुदुच्चेरीत अठ्ठावीस वर्षं ते हेच शिकवत होते. जीभ 'ई'ची आणि ओठ चूल फुंकतानाचे, एवढंच काय ते. पण वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर हात धरून बोलायचं, हे वडिवूच्या अंगात भिनलेलं. गुरूसमोर ओठांचा चंबू करायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. आईची तमिळ झाली, शाळेची इंग्रजी झाली, त्यात कुणी ओठ पुढे काढायला सांगितलं नव्हतं.

दोनदा ती तोंडी परीक्षेत नापास झाली होती. उद्या तिसरी खेप. फ्रान्समधल्या वृद्धाश्रमाने तिची नर्सची जागा याच महिन्यापर्यंत धरून ठेवली होती, पुढे ती दुसरीला जाणार. हे तिने रडून नव्हे, थकून सांगितलं होतं. सरांना रडणं परवडलं असतं.

"चूल फुंकताना लाज वाटते का गं?"

"तेव्हा समोर कुणी नसतं, सर."

सरांनी सुस्कारा सोडला. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले, भिंतीजवळ गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मी इथे नाहीच असं समज. म्हण."

पंखा कुरकुरत होता. आणि मग तो स्वर आला, गोल, स्वच्छ. तिने तो पुन्हा म्हटला. मग अख्खं वाक्य म्हटलं, मग दुसरं. सरांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि करायचं होतं ते एवढंच.

"आलं की गं तुला."

"आलं, सर." तिचा आवाज आता मोकळा होता. जरा थांबून तिने अगदी मनापासून विचारलं, "उद्या त्या परीक्षक बाईंनाही सांगाल का, थोडा वेळ भिंतीकडे तोंड करा म्हणून?"

सर तसेच उभे राहिले. वळून तिला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.