वीतभर डावीकडे

वेदीवरचं पांढरं कापड धुऊन इस्त्री करायचं काम चाळीस वर्षं सासूबाईंचं. दुसऱ्या कुणाला त्या त्याला हात लावू देत नसत. कापड अंथरून झालं की क्रूस मधोमध न ठेवता वीतभर डावीकडे ठेवत. का, ते विचारायची पाळकांचीही कधी छाती झाली नाही.

आता हात थरथरायला लागले, म्हणून इस्त्री सुनेकडे आली. पहिल्याच रविवारी, पहिल्याच घडीवर तिने इस्त्री टेकवली आणि कापड करपलं. दुसरं कापड नव्हतं. ते तसंच छातीशी धरून ती चर्चमध्ये आली.

“आई, माझ्या हातून जळलं हो. माफ करा.”

सासूबाईंनी कापड घेतलं आणि वेदीवर अंथरलं. उजवीकडे सुनेचा ताजा तपकिरी डाग होता. डावीकडे, नेमका क्रुसाच्या जागी, तसाच दुसरा डाग होता, जुना आणि फिकट.

“हा... तुमचा?”

“नवी नवरी होते तेव्हाचा.” त्यांनी क्रूस उचलला आणि उजवीकडे नेऊन ठेवला. “चाळीस वर्षं याने माझा झाकला. आता तुझा झाकू दे.”

“पण आई, तुमचा दिसेल की!”

“दिसू दे गं.”

माणसं जमली. पहिल्या बाकावरच्या मास्तरीणबाईंची नजर म्हणजे घारीची. “अगंबाई, एवढं चांगलं कापड जाळलं कुणी?”



“मी,” सासूबाई म्हणाल्या.