पाळण्याचे पट्टे

"गुणी गं माझं सोनं! माझी सगळी पोरं याच पाळण्यात वाढली, पण इतकं शांत एकही नव्हतं," जाड लोकरी नमद्याच्या तंबूत लोकर कातत, पायानं पाळणा हलवत सासूबाई म्हणाल्या. बाळाच्या आईचा, बुरुलचा झगा दुधानं भिजला होता. रिवाजाप्रमाणे पाळण्यात पट्ट्यांनी बांधलेलं बाळ सकाळपासून प्यायलंच नव्हतं. कळपासोबत डोंगरावरच्या कुरणाकडे येताना घोड्यावरच तिची पाणमोट फुटली होती. "बोलू नकोस, कळप थांबला तर पुरुष चिडतील. बाळ काय लगेच येतंय!" सासूबाईंनीच दटावलं होतं. दुसऱ्या दिवशी, अंगात ताप असताना, ती बाळंत झाली. "आई, मी पट्टे सोडते," आता बुरुल म्हणाली. "झोपलेल्याला कशाला उठवतेस?" बुरुलनं ऐकलं नाही. तिनं गाठी सोडल्या. काल हात मोकळे होताच बाळानं तिच्या गालावर मूठ मारली होती. आज हात बांधल्यासारखेच अंगालगत राहिले. सासूबाईंचा पाय अजून पाळणा हलवतच होता.