करून दाखवा

तोंड.

"कसं झालं होतं, मावशी? करून दाखवा," डॉक्टर मृणाली म्हणाल्या.

झुंबरबाईंनी पदर ओठांवर धरला. शेजारी त्यांचे मालक निंबाआबा ठणठणीत बसले होते. सकाळी चहा ओठाच्या कडेने सदऱ्यावर ओघळला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. थोड्या वेळात सगळं जागच्या जागी.

पण कुणाचं दुखणं करून दाखवू नये. दाखवणाऱ्याला तेच दुखणं लागतं. झुंबरबाई हे लहानपणी आईच्या मारासकट शिकल्या होत्या.

हात.

आबांनी दोन्ही समोर धरले. एकही खाली आला नाही.

बोलणं.

ते तर भरपूर. "माले काही नही व्हयनं, ताई. ऊन लागनं व्हतं." मग बायकोकडे मान करून, "मी चिडनू का मन्हं तोंड तसंच व्हस. हिले इचारा."

दाराबाहेरची रांगही हसली.

डॉक्टरांनी समजावलं. असा लकव्याचा छोटा झटका येऊन जातो, माणूस बरा दिसतो, आणि मोठा मागून येतो. खाट एकच रिकामी आहे. तोंड खरंच वाकडं झालं असेल तर आजच ठेवून घेते. नुसती घेरी असेल तर गोळ्या देते, शुक्रवारी या.

त्यांनी पुन्हा झुंबरबाईंकडे पाहिलं.

पदराखाली झुंबरबाईंचा हात गालापर्यंत गेला. आपल्यालाच लागलं तर यांना भाकर कोण करून घालेल? हात तिथेच थांबला.

"जराशे घाबरेल दिखत व्हतात," त्या म्हणाल्या.

शुक्रवार.

तो उजाडायच्या आतच आबांना चादरीत उचलून आणलं. डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात उचलून सोडला, तो खाली पडला.

तोंड.

दुपारी वॉर्ड निजला होता. आबांचे डोळे उघडे, ओठ डावीकडे ओढलेला, शब्द एकही नाही.

झुंबरबाईंनी पदर बाजूला केला. आबांच्या चेहऱ्यावर वाकून, नीट बघून, त्यांनी आपला ओठ तसाच डावीकडे ओढला. बोटांनी धरून ठेवला. वाट पाहिली.

सोडला, तर तो जागच्या जागी गेला.

त्यांनी पुन्हा ओढला.