पालिकेतून फोन

पालिकेत आता रखडलेली कामं निकाली काढण्यावरून प्रत्येकाला गुण मिळू लागले होते, आणि पाणीपुरवठ्याच्या चैत्रालीचं एकच काम उरलं होतं. खरवईच्या वेणूबाईंची नळजोडणी मंजूर झाली होती. त्यांनी येऊन सही केली की चैत्राली विभागात पहिली येणार होती. तिने खुशीत फोन लावला.

"नमस्कार आजी, पालिकेतून बोलतेय. तुमचं काम झालंय. कधीही या, लगेच मिळेल."

"पालिकेतून कधी कोण स्वतःहून फोन करतंय का? माझं खातं साफ करायला बसलीस व्हय?"

चैत्रालीने पुन्हा फोन करून आणखी गोड आवाजात समजावलं, तर वेणूबाईंनी पोलिसांत द्यायची धमकी दिली आणि सुनेकडून नंबरच ब्लॉक करून घेतला.

शेवटी चैत्रालीने शेजारच्या टेबलावरचा फोन ओढला, हसू दाबलं आणि आवाज चढवला. "नळाचा अर्ज तुमचाच ना? साहेब जागेवर नाहीत, काम होईल की नाही सांगता येत नाही. झेरॉक्स घेऊन या आणि बाहेर थांबा."

वेणूबाई एकदम नरमल्या.

"व्हय मॅडम, निघालेच. सकाळपासून एक बाई तुमच्या पालिकेचं नाव सांगून फसवायला बघतेय."